दोन मापांच्या दोन स्टेपन्या

चारही टायर नवे, चारही एका मापाचे, आणि म्हातारा माझ्या अंगणात खुर्चीवर बसून काठी आपटत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई, न्हाई."

मी शेवटचा नट आवळला आणि त्याच्या मुलीकडे, सुनंदाकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"जुने टायर का काढले म्हणत असतील, काका. त्यांचा जीव आहे त्या गाडीत."

"जुने टायर गुळगुळीत झाले होते," मी म्हणालो. मग म्हाताऱ्याकडे वळून, लहान पोराशी बोलावं तसं मोठ्यानं सांगितलं, "बाबा, नवीन आहेत. एक नंबर आहेत. काळजी करू नका." त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. मी उगाच ओरडत होतो.

त्यानं डाव्या हातानं काठी उचलली. पुढच्या चाकावर टेकवली, मग मागच्या चाकावर, मग परत पुढच्या. "न्हाई." मी मान डोलावली आणि आत चहा सांगितला. समोरच्याला गप्प करायचं असलं की मी चहा सांगतो, ही माझी जुनी सवय.

मी एका साखर कारखान्याच्या व्हेईकल सेक्शनला चौतीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं हेड मेकॅनिक. रिटायर झाल्यावर नगरजवळच्या केडगावला घरामागं पत्र्याची शेड टाकली. जुन्या गाड्या घेतो, एका वेळी एकच. हौस म्हणा, नाहीतर दिवसभर घरात बसलो की मार्थाशी, म्हणजे बायकोशी, भांडण होतं म्हणून म्हणा.

सुनंदा भिंगारदिवे इथल्याच एका हायस्कूलला शिकवते. तिचे वडील पाथर्डी तालुक्यातले, डोंगरावरच्या एका वस्तीचे. तीस वर्षं त्यांनी ही पिकअप चालवली. गाडी फोर-व्हील. साध्या गाडीत इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते. हिच्यात गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस म्हणतात तिला. तिचा छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. वस्तीच्या वाटेवर गोल गोट्यांचा एक ओढा आहे आणि त्यापुढं उघड्या खडकाची चढण. तिथं दुसरी गाडी चढत नसे. शेळ्या घोडेगावच्या बाजाराला न्यायच्या, ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं खाली डांबरीपर्यंत सोडायची, अडलेली बाळंतीण तालुक्याला पोचवायची, सगळं याच गाडीनं.

मागच्या पावसाळ्यात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. 'हाय', 'न्हाई' आणि 'व्हय', एवढे तीन शब्द राहिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपवून त्यांना खाली आणलं. तेव्हापासून ते मुलीकडे. दिवाळीत घरी न्यायला तोच ट्रॅक्टर आला, तर गडी चढायलाच तयार नाही. ट्रॉलीपुढं काठी आडवी धरून उभा. सुनंदानं ओळखलं. ती म्हणाली, "बाबा, आपल्या गाडीनं जाऊ. बुद्धपौर्णिमेला. मी चालवते." बाबा म्हणाले, "व्हय." वस्तीवर छोटं विहार आहे, पौर्णिमेला तिथं सगळे जमतात.

म्हणून ती गाडी माझ्या शेडमध्ये आली. मे महिन्याची सुट्टी लागल्यावर सुनंदा रोज सकाळी बाबांना घेऊन यायची. मी काम करायचो, ते बघत बसायचे.

काम पुष्कळ होतं. इंजिन उतरवून रिंगा, बेअरिंग बदलले. ब्रेक नवे केले. पाट्यांना, म्हणजे खालच्या स्प्रिंगांना, बुश घातले. चेसिसला दोन ठिकाणी जोड दिला. सुनंदाला स्टिअरिंग जड जायचं, म्हणून एका भंगारातल्या जीपचं पॉवर स्टिअरिंग बसवलं. बाबांच्या बाजूला खाली एक रुंद पायरी आणि दरवाज्याला धरायला पाइप. एवढे बदल तिनं सांगितले होते, कागदपत्रांचंही तिनं रीतसर करून घेतलं. बाकी गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, हे मी ठरवलं होतं.

आमच्या वर्कशॉपला माझा एक नियम होता. गाडी आत आली की आधी ड्रायव्हरची कारागिरी काढून टाकायची. ड्रायव्हर लोक वाटेत काहीबाही बांधतात, चिकटवतात, ठोकतात, आणि ते तसंच राहतं. या गाडीत तर प्रदर्शनच होतं. बॅटरीखाली चपलेचं रबर. डिझेलच्या झाकणाला कासऱ्याची दोरी. सीटमागं लाकडी पाचर. मी एकेक काढून तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत गेलो. आणि टायर? पुढं सहाशे-सोळा, मागं साडेसातशे-सोळा. मापांचं राहू द्या, पुढची चाकं मागच्यांपेक्षा चार बोटं बुटकी, एवढं समजलं तरी पुरे. मागच्या हौद्यात स्टेपन्याही दोन, एक बुटकी आणि एक उंच. मी हसलो होतो. "जे मिळालं ते घातलंय," मी सुनंदाला म्हणालो. "ड्रायव्हरला टायर गोल असला म्हणजे झालं." बाबा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

तर त्या दिवशी चहा झाला आणि मी गाडी पुणे रस्त्याला काढली. सुरेख चालली. आवाज नाही, ओढ नाही. मला भारीच अभिमान वाटला. परत आल्यावर बाबांना म्हणालो, "बघा, उगाच घाबरत होता." त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुनंदा पाथर्डी रोडला गेलो. पौर्णिमेला आठ दिवस होते. डोंगराकडे जाणारी मुरमाची वाट गाठली आणि मी ट्रान्सफर केसचा दांडा ओढला. मुरमावर गाडी निघाली, पण कण्हत. स्टिअरिंग हातात ओढ घ्यायला लागलं. शंभर-दीडशे फुटांवर उघडा खडक लागला, आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी बसली. इंजिन बंद पडलं. दांडा मागं घ्यायला गेलो तर निघेना. दोन्ही हातांनी ओढला. निघेना.

"काका, काय झालं?"

"काही नाही. जाम झालाय."

पुढचं एक चाक जॅकवर घेतलं. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, कोणी हात न लावता गर्रकन पाव फेरी फिरलं. पिळलेल्या दोरीचं टोक सोडावं तसं. मग दांडा एका बोटानं निघाला. सुनंदा दोन पावलं मागं सरली होती. मीही, खरं सांगायचं तर.

याचा अर्थ मला ठाऊक होता. फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं एकाच पेटीला जोडलेली असतात, तेव्हा दोघांनी सारखंच अंतर कापायला हवं. एक भराभर चालणारा आणि एक रेंगाळणारा बैल एका जुवाला बांधला तर जू मोडणार, तसंच. फरक पडला की शाफ्टला, म्हणजे पेटीतून चाकांकडं ताकद नेणाऱ्या लोखंडी नळीला, पीळ बसतो. माती भुसभुशीत असेल तर चाक घसरून तो पीळ सुटतो. खडकावर सुटत नाही. पण फरक पडावा का? टायर चारही सारखे, हवा सारखी, मी स्वतः मोजलेली. मग दोष ट्रान्सफर केसचाच, असं मी ठरवून टाकलं.

तीन दिवस मी ती पेटी खाली उतरवून खोलत बसलो. दात चांगले, बेअरिंग चांगले, सगळं चांगलं. परत जोडली, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन बघितली. तोच पीळ. चौतीस वर्षांत मी मोठमोठ्या गाड्या उघडल्या, आणि एका साध्या पिकअपपुढं हात टेकायची पाळी आली. चिडचिड झाली. दुपारी जेवताना मार्थाला भाजीवरून बोललो. भाजी बरी होती.

संध्याकाळी सुनंदा फाटकापाशी थांबली. बाबा रिक्षात बसले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, नसेल होत तर स्पष्ट सांगा. मी त्यांना ट्रॅक्टरचं परत विचारून बघते."

"ते चढणार नाहीत."

"नाही चढणार. पण मग ते घर परत बघणार नाहीत, काका. डॉक्टरांनी मला सांगितलंय, दुसरा झटका कधीही येऊ शकतो."

मी हातातला पाना फडक्यानं पुसला. "दोन दिवस दे," एवढंच म्हणालो. तिनं मान हलवली आणि रिक्षात बसली. बाबांनी जाताना माझ्याकडं पाहिलं नाही, गाडीच्या चाकांकडं पाहिलं.

मार्था ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "त्यांनाच विचारा की," ती म्हणाली.

"कोणाला?"

"बाबांना. गाडी त्यांची."

"अगं, त्यांना बोलता येत नाही."

"तुम्हाला तरी कुठं ऐकता येतं?" तिनं मान वर न करता म्हटलं. "इतके दिवस तो माणूस टायरवर काठी ठेवतोय. मी चहाचे कप उचलते, मला दिसतंय. गोळ्या स्वतः मोजून घेतो तो. डोकं ठिकाणावर आहे त्याचं."

माझं डोकं आधी तापलं आणि मग थंड पडलं. टायर. पुढं बुटके, मागं उंच, आणि प्रत्येक मापाची एकेक वेगळी स्टेपनी. निष्काळजी माणूस मिळेल तो टायर घालतो. तो दोन मापांच्या दोन स्टेपन्या वर्षानुवर्षं जपून वागवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची खुर्ची गाडीच्या अगदी जवळ मांडली. गुडघे कुरकुरतात तरी खाली बसलो. "बाबा," मी म्हणालो, हळू आवाजात, "माझं चुकलं. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. आता सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, काठी बसते आता डोक्यात. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं जुळवून हवेत रेघ ओढली. सुनंदा शिक्षिका, तिच्या पर्समध्ये खडू निघाला. बाबांनी टायरवर खालपासून वरपर्यंत एक जाड रेघ मारली. मग काठीनं गाडीखालचा शाफ्ट दाखवला. मग डाव्या हाताचा पंजा उघडला, मिटला, परत उघडला.

"दहा," मी म्हणालो. "चाकाच्या दहा फेऱ्या?"

"व्हय."

"आणि शाफ्टच्या किती, ते मोजायचं?"

"व्हय, व्हय."

चारही चाकं स्टँडवर उचलली. मागच्या दोन चाकांना मी आणि मार्था बसलो, दोघांनी बरोबर फिरवायचं. सुनंदा पोतं अंथरून गाडीखाली शिरली, शाफ्टवर खडूची खूण करून मोजू लागली. मागची चाकं दहा फेऱ्या फिरली तेव्हा शाफ्ट चोपन्नला थोडा कमी. मग पुढं आलो. दहा फेऱ्या झाल्या.

"एकोणपन्नास," सुनंदा खालून म्हणाली.

"परत मोज."

परत मोजलं. एकोणपन्नासच. मी कपाळाला हात लावला. पुढच्या एक्सलमधल्या गिअरचे दात वेगळे होते. म्हणजे तो एक्सल या गाडीचा नव्हताच. बाहेरून अगदी तस्साच दिसतो, आतून आवाज नव्हता, तेल स्वच्छ होतं, म्हणून मी तो उघडला नव्हता. पुढची चाकं एका शाफ्टफेरीत मागच्यांपेक्षा जास्त फिरणार. तेव्हा ती तेवढीच बुटकी हवीत, म्हणजे दोघांचं अंतर सारखं पडतं. मी कागदावर हिशेब मांडला. सहाशे-सोळा आणि साडेसातशे-सोळा. दोन्ही चाकांच्या अंतरात फरक केसाएवढा.

सुनंदा अजून खालून आली नव्हती. "चिंचोके," ती म्हणाली.

"काय?"

ती बाहेर आली. केसांत माती, डोळे भरलेले. "मी चौथीत असेन. ओढ्यात पुढचा एक्सल मोडला होता. बाबांनी नगरहून भंगारातला आणला आणि आठ दिवस ते चाकं फिरवत बसले. मला सांगायचे, शाफ्ट एकदा फिरला की एक चिंचोका बाजूला ठेव. मी ढीग लावायचे, एक इकडं, एक तिकडं. मला वाटायचं, माझ्याशी खेळतायत." ती बापाकडं वळली. "बाबा, तुमी मला कधी सांगितलं न्हाई, हे कशासाठी हुतं."

"हाय," बाबा म्हणाले आणि हसले. अर्धंच तोंड हसलं, पण पुरेसं होतं.

मला फार लाज वाटली. सात यत्ता शिकलेल्या माणसानं चिंचोक्यांवर जे काढलं होतं ते मी पंधरा दिवस कचरा म्हणत होतो, आणि तेही त्याच्या समोर. मी तसं बोलून दाखवलं. "तुम्ही माझ्या वर्कशॉपला पाहिजे होता," मी म्हणालो. त्यांनी खडूचा हात माझ्या शर्टाला पुसला.

पुस्तकाप्रमाणे आता पुढचे दात बदलायला हवे होते. शहरातल्या दोन-तीन भंगारवाल्यांकडं विचारलं, मिळाले नाहीत. मिळाले असते तरी मी ते बसवले नसते. टायरवाल्याकडं जाऊन दोन साडेसातशे परत दिले आणि दोन सहाशे आणले. त्यानं विचारलं, "साळवेसाहेब, दोन मापं?" मी म्हणालो, "दोनच पाहिजेत." पुन्हा त्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन चालवलं. दांडा एका बोटानं पडला, एका बोटानं निघाला.

मग मी तेलाचा तो डबा उचलून आणला आणि बाबांपुढं ओतला. एकेक वस्तू वर धरली. चपलेचं रबर?

"हाय." म्हणजे पाहिजे. मग कळलं, ते नसलं की खडकावर बॅटरी उडते आणि तारेला घासते.

कासऱ्याची दोरी? "हाय." ओढ्यात झाकण पडलं तर सापडत नाही.

लाकडी पाचर? बाबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, विचार केला आणि लांब भिरकावली. "न्हाई." मार्था एवढी हसली की मांडीवरचं तांदळाचं सूप सांडलं.

एक बदल मात्र मी न विचारता केला. बाबा डावीकडच्या सीटवर बसणार, ट्रान्सफर केसचा दांडा त्यांच्या उजव्या बाजूला, आणि उजवा हात तर गेलेला. मी दांडा कापला, वीतभर लांब केला आणि डावीकडं वाकवून परत वेल्ड केला. वर एक जुनी लाकडी मूठ बसवली. बाबांना सीटवर बसवून म्हणालो, "बघा, पोचतो का डावा हात." पोचत होता. त्यांनी ती मूठ धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

पौर्णिमेला सकाळी निघालो. मी आणि मार्था मागं हौद्यात, दोन स्टेपन्यांशेजारी. पाथर्डीच्या पुढं डांबरी संपली, मग मुरूम, मग ओढा आला. कोरडा होता, गोल गोट्यांनी भरलेला. सुनंदानं गाडी थांबवली. मी मागच्या काचेतून बघत होतो. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट.

"बाबा," ती म्हणाली, "टाका."

बाबांनी डावा हात पुढं केला आणि दांडा ओढला. टक्क असा एकच आवाज आला. 

"हाय," बाबा म्हणाले.

गाडी गोट्यांवरून गेली, चढणीला लागली. खडकावर पुढची बुटकी चाकं आणि मागची उंच चाकं एका चालीनं चढली. कण्हणं नाही, ओढ नाही. मार्थानं माझा दंड धरला होता. वर विहाराजवळ वस्तीवरची माणसं उभी होती, "जय भीम, बाबा" म्हणत पुढं आली. दोघं-तिघं त्यांना उचलून घ्यायला सरसावले. बाबांनी काठी आडवी धरली. मग आधी दांडा मागं घेतला, गाडी पुन्हा टू-व्हीलवर आणली, जशी काम संपल्यावर ड्रायव्हर आणतो. नंतर पाइप धरून, पायरीवर पाय देऊन, स्वतःचे स्वतः उतरले.

शेडमध्ये आता जुनी गाडी आली की मी पाना हातात घेत नाही. जिथं काही बांधलेलं, ठोकलेलं दिसेल तिथं बोट ठेवून विचारतो, हे कोणी बसवलं. तो माणूस हयात असेल तर त्याला बोलावून गाडीजवळ खुर्ची देतो. चहा मागाहून सांगतो.